दोन चाकं, एक नथ आणि हमद पोर्ट

कॉलेजातला माझा एक मित्र सध्या फ्रान्समध्ये असतो. दर उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको सायकली भाड्याने घेऊन तिथल्या कुठल्यातरी खेड्यात जाऊन राहतात, आणि मग आमच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. द्राक्षांचे मळे, दगडी चर्च, नदीवरचा जुना पूल, पुलावर टेकवलेल्या दोन सायकली. फोटो सुंदर असतात, नाही असं नाही. पण गेल्या वर्षी त्याने खाली लिहिलं, "तुझ्याकडे काय रे बघण्यासारखं? वाळू आणि मॉल!"

आता मी मूळचा उरणचा. बंदराच्या गावात वाढलेल्या माणसाला कोणी "तुमच्याकडे बघण्यासारखं काय" असं विचारलं की तो आधी चिडतो आणि मग दिवसभर दाखवत फिरतो. मंडळी, हा लेख म्हणजे त्या मित्राला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा साधा कन्सल्टंट. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

थंडी सुरू झाली की, म्हणजे आपल्याकडे ज्याला जेमतेम गुलाबी थंडी म्हणतील तेवढी, मी शुक्रवारी पहाटे सायकल डिकीत टाकून अल वक्राला जातो. दोहाच्या दक्षिणेला साधारण पंधरा किलोमीटरवरचं हे गाव. आता मेट्रोच्या लाल मार्गाचं शेवटचं स्टेशनच तिथे आहे, त्यामुळे 'गाव' म्हटलं की इथली मुलं हसतात. पण समुद्राच्या बाजूने आत शिरलात की गाव अजून सापडतं. तिथून दक्षिणेकडे, जिथे ट्रॅक आहे तिथे ट्रॅकवरून आणि जिथे नाही तिथे जीव मुठीत धरून, उम्म अल हौलच्या दिशेने जायचं. शेवटी क्षितिजावर जिराफांसारख्या क्रेन दिसायला लागतात, ते हमद पोर्ट. जाताना पाठीवर वारा असतो. येताना तोच वारा तोंडावर. उत्तर-पश्चिमेकडून येणाऱ्या या वाऱ्याला इथे 'शमाल' म्हणतात आणि सायकलवाल्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा खलनायक आहे.

सायकलिंगचं म्हणाल तर इथेही फ्रान्स येऊन गेलं आहे बरं का. २००२ ते २०१६ या काळात 'टूर ऑफ कतार' नावाची शर्यत व्हायची. तिच्या आयोजनात 'टूर द फ्रान्स' भरवणारी फ्रेंच कंपनी होती आणि सायकलिंगचा देव मानला जाणारा एडी मर्क्सही. वक्रा आणि मिसाईद ही नावं त्या शर्यतीच्या टप्प्यांमध्ये असायची. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तर जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दोहात झाली आणि पीटर सगान जिंकला. ज्या रस्त्यावर या लोकांनी घाम गाळला तिथे मी ताशी अठराच्या वेगाने जातो आणि तरी दमतो. एक मात्र सांगितलं पाहिजे. शुक्रवारी सकाळी रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. एक आमच्यासारखे, हेल्मेट, गॉगल आणि घट्ट कपडेवाले. दुसरे निळ्या कपड्यांतले कामगार, जुन्या सायकलच्या कॅरिअरवर भाजीची पिशवी बांधून कॅम्पकडे परतणारे. ते आमच्याकडे बघून हसतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून स्वतःहून सायकल हाणणारा माणूस त्यांना विनोदी वाटत असणार, आणि त्यांचं काही चुकत नाही.

असो. वक्राकडे वळतो.

वक्राच्या सूकमध्ये गेलात तर मातीच्या रंगाच्या बुटक्या भिंती, लाकडी दरवाजे, अरुंद बोळ, आणि बोळ संपला की एकदम समुद्र. हे सगळं जुन्या गावाच्या धर्तीवर नव्याने बांधलेलं आहे, त्यामुळे काही मंडळी नाक मुरडतात. मीही पहिल्यांदा मुरडलं होतं. पण ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बघा. पाणी इतकं लांब मागे जातं की ओल्या वाळूत कलंडलेली लाकडी जहाजं दिसतात, आणि मग कळतं की गाव इथे का वसलं असेल. हे मोत्यांचं गाव होतं.

जून ते सप्टेंबर, म्हणजे आपण आज एसीतून बाहेर पडत नाही त्या महिन्यांत, वक्राचे पुरुष समुद्रात असायचे. पाणबुड्या, म्हणजे 'ग़ैस', नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचा. वर त्याची दोरी धरून बसलेला 'सैब'. दोरीला हिसका बसला की ओढायचं. श्वास पुरेल तेवढाच वेळ, मिनिट-दीड मिनिट, आणि असं दिवसातून कितीतरी वेळा. बहुतेक पाणबुडे कर्जात जन्मायचे आणि कर्जात मरायचे. हंगामाआधी उचल घ्यायची, हंगामात ती फिटायची नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जहाजावर. जहाजाच्या कप्तानाला ते 'नोखदा' म्हणतात.

हा शब्द मी वक्रात एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला आणि सायकलवरून पडायचाच राहिलो. आमच्या उरणला कोळीवाड्यात होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात! फारसीतला नाखुदा इथे नोखदा झाला आणि आपल्याकडे नाखवा. मग मला नादच लागला. बंदर, लंगर, किनारा हे फारसीतून आलेले. खलाशी अरबीतून. आपला 'मोसमी वारा' तर अरबी 'मौसिम'वरून, आणि इंग्रजांचा मॉन्सूनही तिथलाच. बायको म्हणाली, "तू अरबी शिकतोयस की मराठी?" मला तरी आता फरक कळेनासा झालाय.

तर या मोत्यांचं पुढे काय व्हायचं? इथेच गोष्ट घरात शिरते.

माझ्या बायकोकडे तिच्या पणजीची नथ आहे. वाईची, जुन्या घडणीची. लग्नात ती नथ तिच्याकडे आली तेव्हा सासूबाईंनी मला मुद्दाम सांगितलं होतं, "बसरा मोती आहेत हो, खरे." आपल्याकडे कुठल्याही जुन्या घरात विचारा, हेच ऐकायला मिळेल. पेशवाईत भिकबाळीपासून शिरपेचापर्यंत मोत्यांची चैन होती, पानिपतच्या बातमीत गेलेल्या माणसांनासुद्धा मोती म्हटलं गेलं. आता गंमत अशी की बसरा हे नदीकाठचं बंदर आहे. तिथे मोती सापडतच नाहीत. बसऱ्याच्या बाजारातून आले म्हणून ते बसरा मोती. सापडायचे ते इथे, बहरीन आणि कतारच्या भोवतीच्या उथळ समुद्रात. म्हणजे वाईच्या वाड्यात पणजीबाईंच्या नाकात जे मोती हलत होते, ते बहुधा याच पाण्यातून वर आले. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ नथ हातात घेऊन बसली होती. "आणि मला वाटायचं आपण इथे परके," एवढंच म्हणाली.

एकोणिसाव्या शतकात बसऱ्याचं महत्त्व मागे पडलं आणि आखातातल्या मोत्यांचा सगळ्यात मोठा बाजार झाला मुंबई. हंगाम संपला की व्यापारी मोती लाल कापडात बांधून मुंबईला यायचे. झवेरी बाजाराच्या आसपास, मोहम्मद अली रोडच्या बाजूला अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि बिऱ्हाडं होती. तिथे मोत्यांची प्रतवारी व्हायची, कारागीर मोती विंधायचे, सर ओवायचे. मोलासाठी 'चव' हे माप वापरायचे, आणि ते मुंबईचं माप आखातातही चालायचं. प्रतींची आखाती नावं तर ऐका: जिवन, यक्का, गोलवा... 'गोलवा' ऐकून कुणा मराठी माणसाच्या डोळ्यासमोर गोल मोती येणार नाही? सगळ्यात मोठ्या, निर्दोष मोत्याला इथे 'दाना' म्हणतात. आपण दाणा म्हणतो तो शेंगदाण्याला, हा भाग वेगळा.

मुंबईहून मोती पुढे जायचे ते लंडनला आणि पॅरिसला. आमच्या फ्रान्सवाल्या मित्राने हे वाचावं म्हणून लिहितो: १९१२ साली पॅरिसच्या कार्तिए घराण्यातला जाक कार्तिए स्वतः बहरीनला आला होता. मुंबईतले मधले दलाल टाळून थेट इथून मोती घेता येतात का हे बघायला! तेव्हा फ्रान्सची श्रीमंती आणि वक्राचा किनारा यांच्यामध्ये आमची मुंबई उभी होती, आणि ती कोणाला सहजासहजी बाजूला सारता येत नव्हती.

नुसता व्यापारच नव्हे, इथला कारभारही मुंबईला बांधलेला होता. इंग्रजांचा आखातातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसायचा, पण १८७३ पर्यंत त्याचे वरिष्ठ होते मुंबई सरकार. १८६७ साली वक्रात एक ठिणगी पडली. बहरीनच्या शेखांच्या इथल्या प्रतिनिधीने नईम टोळीतल्या एका माणसाला पकडलं, कतारी लोक उठले, आणि मग बहरीनने अबू धाबीच्या मदतीने दोहा आणि वक्रा दोन्ही लुटून फस्त केली. पुढच्या वर्षी कतारींनी बदला घ्यायचा प्रयत्न केला. समुद्रावर मारामारी म्हणजे मोत्यांच्या व्यापाराला खीळ, आणि मोत्यांच्या व्यापाराला खीळ म्हणजे मुंबईला झळ. तेव्हा मुंबईच्याच लष्करातून पुढे आलेला कर्नल लुईस पेली हा रेसिडेंट युद्धनौका घेऊन आला. बहरीनच्या शेखाला त्याने शिक्षा केली, वक्राच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकला आणि १२ सप्टेंबर १८६८ रोजी दोहाच्या मोहम्मद बिन थानी यांच्याशी करार केला. कतारला बहरीनपासून वेगळं मानणारा हा पहिला महत्त्वाचा कागद, असं इथले इतिहासकार मानतात.

हे मी वाचलं ते माझ्या सोफ्यावर बसून. २०१४ पासून 'कतार डिजिटल लायब्ररी' नावाचा खजिना इंटरनेटवर आहे. ब्रिटिश लायब्ररीतली जुनी इंडिया ऑफिसची कागदपत्रं पानापानाने स्कॅन करून ठेवली आहेत. सॉफ्टवेअरवाल्याला रात्री झोप येत नसेल तर याहून चांगलं औषध नाही (की वाईट?). पत्रांवर 'बॉम्बे गव्हर्नमेंट' हा पत्ता पुन्हा पुन्हा येतो. वक्राच्या एका भांडणाची फाइल फोर्टमधल्या कुठल्यातरी टेबलावर, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून दगडाखाली ठेवलेली, असं चित्र डोळ्यासमोर येतं. खरं-खोटं माहीत नाही, पण येतं खरं.

मोत्यांचा बाजार बुडाला तो दोन धक्क्यांनी. जपानच्या मिकिमोतोने शिंपल्यात मोती 'पिकवायला' सुरुवात केली आणि १९२० च्या दशकात ते मोती जगभर पसरले. मग १९२९ ची मंदी. पॅरिसच्या बायकांनी मोती घेणं थांबवलं आणि वक्राच्या घरातली चूल विझली. इतकं थेट. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कतारमधून माणसं उपासमारीने बाहेर पडली, घरं पडली, जहाजं किनाऱ्यावर वाळली. दुखानला तेल सापडलं होतं, पण महायुद्धामुळे काम थांबलं. शेवटी ३१ डिसेंबर १९४९ ला कतारचं पहिलं तेल जहाजात भरून निघालं ते उम्म सैदहून. म्हणजे आजचं मिसाईद, माझ्या सायकलच्या रस्त्यावरचंच पुढचं गाव.

तेलाच्या कंपन्यांना माणसं हवी होती आणि ती मुंबईहून बोटीने यायला लागली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी १८६२ पासून मुंबई ते आखात अशी टपाल आणि उतारू नेत होत्या. त्यांतली 'दारा' १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली, २३८ माणसं गेली. शेवटची 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ काका डेकवर पथारी पसरून याच मार्गाने आले होते. ते सांगतात, उतरल्यावर पहिली गोष्ट काय केली तर खिशातले पैसे मोजले. त्यांच्या आधीच्या पिढीला ते मोजायलाही नवीन शिकावं लागलं नव्हतं, कारण कतारमध्ये आपला रुपयाच चालायचा! १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि ६ जून १९६६ ला इंदिराबाईंच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा एका रात्रीत इथल्या लोकांच्या तिजोऱ्या हलक्या झाल्या. मग कतारने रुपया सोडला आणि त्याच वर्षी कतार-दुबई रियाल आला. आज आपण रियालचा भाव रुपयात मोजून घरी पैसे पाठवतो. काळाने गिरकी घेतली ती अशी.

आता चला पुढे, बंदराकडे.

वक्रा सोडलं की उजव्या हाताला अल जनूब स्टेडियम दिसतं, झाहा हदीदच्या डिझाइनचं, उलट्या केलेल्या जहाजांसारखं आणि शिडांसारखं. वक्राच्या जहाजांची आठवण म्हणून तसं केलंय. त्यानंतर मात्र बघण्यासारखं काही नाही, म्हणजे आमचा मित्र म्हणतो ते खरं, वाळू. सपाट, फिकी, खारट. तासभर पायडल मारत राहायचं. मला हा पट्टा आवडतो, कारण इथे डोकं मोकळं होतं. कुणाला कंटाळा आला तर त्याला मी दोष देणार नाही.

आणि मग ते बंदर. २०१० मध्ये काम सुरू झालं. बंदर बांधायची नेहमीची पद्धत म्हणजे समुद्रात भराव टाकत जायचं. इथे उलटं केलं. कोरड्या जमिनीत चार किलोमीटर लांब, सातशे मीटर रुंद आणि सतरा मीटर खोल असा खड्डा खणला, भिंती बांधल्या आणि मग समुद्राला आत घेतलं. शेतात विहीर खणावी आणि तिला दर्याचं पाणी लागावं, तसं. किनाऱ्यावरची तिवरं आणि समुद्रतळाचं गवत, पोवळी उचलून दुसरीकडे नेऊन लावली. डिसेंबर २०१६ मध्ये जहाजं यायला लागली. औपचारिक उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ ला झालं. आत अर्थातच सायकल घेऊन जाता येत नाही, आणि कुंपणाजवळ कॅमेरा काढून उभं राहण्याचा आचरटपणा करू नये. लांबून बघायचं. क्रेनचा हात खाली येतो, डबा उचलतो, वळतो, ठेवतो. अर्धा तास बघत बसलो तरी माझं मन भरत नाही. कारण हे दृश्य बघतच मी मोठा झालोय.

न्हावा शेवा बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. बंदर आणि मी बरोबरीचे. शाळेत जाताना ट्रेलरच्या रांगा, रात्री झोपताना क्रेनचे दिवे. डब्यांवरची नावं वाचून मी इंग्रजी अक्षरं शिकलो असं आई अजून सांगते. बंदराआधी तिथे काय होतं हे मात्र कोणी मुद्दाम सांगायचं नाही. ते सांगितलं आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशीने. ती जुन्या शेवा कोळीवाड्याची. बंदरासाठी तो अख्खा कोळीवाडा ऐंशीच्या दशकात उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून नव्याने बसवला गेला. मी तिला विचारलं होतं, "मावशी, तुमचं गाव पाण्यात गेलं का?" धरणात गावं जातात हे पुस्तकात नुकतंच वाचलं होतं ना! ती कोलंबी निवडता निवडता म्हणाली, "पाण्यान नाय रे पोरा, शिमीटान गेला." त्या काळातलं आमच्या भागातलं सगळ्यात मोठं आंदोलन नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या भावाचं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. आमच्याकडे दर जानेवारीत हुतात्म्यांना मानवंदना देतात. शाळेच्या रांगेत उभं राहून मला ऊन लागायचं, बाकी काही कळायचं नाही. हमद पोर्टच्या त्या लांबच लांब भिंतीकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं. मालाची वाट मोकळी व्हायची तर कोणाची तरी वाट वळते.

आणि तरीही हेच बंदर माझ्या घरासाठी काय आहे तेही सांगतो.

५ जून २०१७. रमजान चालू होता. सकाळी उठलो तर सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडलेले. सालवाची जमिनीवरची एकमेव सीमा बंद. दुधाचे ट्रक तिथूनच यायचे. समुद्रमार्गे येणारा बराच माल दुबईच्या जेबेल अलीला उतरून मग इकडे यायचा, तीही वाट बंद. दुपारी सुपरमार्केटमध्ये गेलो तर लोक गाड्या भरभरून दूध आणि कोंबडी नेत होते. माझी बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर. रात्री दोघांच्या घरून फोन. तिचे बाबा म्हणाले, "तिला लगेच पाठव." माझी आई म्हणाली, "विमानात काही झालं तर?" आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून डबे उघडून बघत होतो. तांदूळ दोन आठवड्यांचे, तूरडाळ जेमतेम. आज हसू येतं, त्या रात्री नाही आलं. थांबलो तर चूक की गेलो तर चूक, याचं उत्तर कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं.

आठवड्याभरात तुर्कस्तानचं दूध आलं, त्यावरचं लेबल वाचता येईना. पुढे गाई विमानाने आणल्या गेल्या, हे जगभर गाजलं. पण न गाजलेली गोष्ट या बंदरात झाली. उद्घाटनही न झालेल्या हमद पोर्टला काही दिवसांतच ओमानच्या सोहार आणि सलालाहून थेट जहाजं लागली. आणि त्याच उन्हाळ्यात भारताशी थेट सेवा जोडली गेली, मुंद्रा आणि न्हावा शेवा. बातमी मी ऑफिसमध्ये वाचली आणि जागेवरून उठून उभाच राहिलो. शेजारचा केरळी सहकारी घाबरला, त्याला वाटलं काही वाईट झालं. त्याला कसं सांगू, की माझ्या खिडकीतून दिसायचे त्या क्रेनखालून निघालेला डबा आता मध्ये कुठेही न उतरता इथे येणार आहे!

बायको गेली नाही. मुलगा ऑगस्टमध्ये दोहात झाला. बारशाला लागणारं सगळं इथल्या दुकानात मिळालं, अगदी डिंकाच्या लाडवांच्या डिंकापासून. कुठल्या जहाजाने आलं मला माहीत नाही, पण दुकानदार म्हणाला, "बॉम्बे से सीधा." एवढं पुरे होतं. ती नाकेबंदी ५ जानेवारी २०२१ ला अल उलाच्या करारानंतर उठली, आणि जेबेल अलीची वाट पुन्हा मोकळी झाली.

मुलगा आता आठ वर्षांचा आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून छोटी सायकल घेऊन माझ्याबरोबर येतो. वक्राच्या किनाऱ्यापुरताच, पुढे नाही. गेल्या खेपेला आम्ही तिघंही गेलो होतो. बायकोने नथ बरोबर घेतली होती, डबीत, रुमालात गुंडाळून. त्या म्हाताऱ्या मच्छीमाराला दाखवायची होती. त्याचे आजोबा मोत्यांच्या जहाजावर होते. त्याने नथ तळहातावर घेतली, सूर्याकडे तिरपी धरली, एकेक मोती अंगठ्याने हलवला. मी मोडक्यातोडक्या अरबीत "वाई... हिंद... शंभर वर्षं" असं काहीतरी सांगत होतो. तो ऐकत नव्हता. मग मधल्या मोठ्या मोत्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हाज़ा मिन हिनी." हा इथला. आणि नथ परत देताना त्याने ती माझ्याकडे दिली नाही, बायकोच्याही नाही. खाली वाकून मुलाच्या हातात ठेवली. "पकड नीट!" असं आम्ही दोघंही एकदम ओरडलो, कारण पोरगं त्याच हातात खजूर धरून उभं होतं.

तो फोटो मी फ्रान्सवाल्या मित्राला पाठवला. चिकट तळहात, त्यावर नथ, मागे ओहोटीत कलंडलेलं जहाज. त्याचं उत्तर आलं, "फोटोत सायकल कुठाय?"

डिसेंबरचं तिकीट काढ म्हणून सांगितलंय त्याला. सायकल मी देतो. हवा भरायचा पंप मात्र त्याने आणावा, माझा हरवलाय.